गडहिंग्लजच्या फोनवरचं ॲनिमे

आमच्या दुकानासमोरून उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की मी दोन कामं करतो. आधी दुकानाचा बोर्ड आत घेतो, कारण ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस बोर्डावरची अक्षरं खरवडून नेतो. एका हंगामात ‘मोटर’मधला ‘मो’ असाच गेला. तो कारखान्यात गाळला जाऊन, साखर होऊन, कुणाच्या तरी चहात पडला असणार. बोर्ड आत घेतला की फोन उघडतो आणि यंदा कुठलं ॲनिमे सुरू होतंय ते बघतो. ऊस आणि जपानी कार्टून यांचा हंगाम एकाच सुमाराला लागतो, हे आख्ख्या जिल्ह्यात माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलेलं नाही. साखर कारखान्यांनाही नाही आणि जपानलाही नाही.

ट्रॉल्या तरी किती. पहिली ट्रॉली काट्यावर वजनाला उभी असते तेव्हा शेवटच्या ट्रॉलीतला ऊस अजून शेतात वाढत असतो. हवेत मळीचा वास, पाचट जाळल्याची काजळी, आणि दोरीवर वाळत घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळपर्यंत ठिपक्याठिपक्यांचा. अशा हवेत यंदा फोन उघडला तर मिठाच्या तांड्याची मालिका परत येतेय म्हणून चित्र झळकलं. बर्फाचा डोंगर, धुकं, पाठीवर मिठाच्या गोण्या घेतलेली घोडी. मी फोन उलटा ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला म्हटलं, “बोला, काय जळालं?”

माझा धंदा मोटरी भरायचा. विहिरीवरची, बोअरची, गिरणीची, जळालेली मोटर आली की आतली तांब्याची तार उसकून काढायची आणि नवी गुंडाळायची. या धंद्यात माणूस संशयी होतोच. आजवर एकाही माणसानं ‘मी जाळली’ असं म्हणून मोटर आणलेली नाही. सगळ्या आपोआप जळालेल्या. एकदा एका मोटरीत चिमणीचं घरटं निघालं, अंड्यांसकट, आणि मालक म्हणतोय कालपर्यंत झकास चालू हुती. मग काय अंडी उबवायला लावली होती का, असं विचारलं तर रागावला.

त्यात मी कोल्हापूरचा. ज्या गावात माणूस दूध प्यायला चौकात जातो, आणि म्हैस समोर उभी करून धार डोळ्यांदेखत ग्लासात पडल्याशिवाय खिशात हात घालत नाही, त्या गावाला संशय शिकवावा लागत नाही. माझे वडील आणखी एक पायरी पुढं होते. धार काढायच्या आधी ते म्हशीला हलवून बघायचे, आत पाणी वाजतंय का ते.

एवढं भांडवल घेऊन मी ॲनिमे बघायला बसतो. त्यामुळं माझं मत लोकांपेक्षा वेगळं पडतं. लोकांना तलवारी आवडतात, लाल-निळे केस आवडतात. मी आधी बघतो, डोळे मिटून हसणारा कोण आहे. डोळे मिटून हसणारी माणसं जगात दोनच ठिकाणी सापडतात, ॲनिमेत आणि सोसायटीच्या निवडणुकीत. दोन्हीकडं शेवटी तोच घात करतो. मग सुरुवातीचं गाणं बघतो. गाण्यात सगळे पळतायत, केस उडतायत, आणि एकजण पाठमोरा उभा असेल तर त्याची तिरडी बांधायला घ्यावी. लढाईच्या ऐन मध्यात ज्याला आईच्या हातचा भात आठवला तोही गेला. आमच्या घरात पडद्यावर भाताची वाफ दिसली की माझी बायको शुभांगी म्हणते, “सुतक लागलं बघा.”

परवा शाळेतल्या पोरांच्या स्वयंपाकाची एक मालिका पाहिली. बरी आहे, पण माझा विश्वास बसला नाही. त्यातलं जेवण नको इतकं चकाकतं. अंड्याचा बलक असा थरथरतो की वाटावं आत्ता बोलेल. आमच्या तांबड्या रश्श्यावर बोटभर तवंग येतो, तोही इतकं तोंड वर करून बघत नाही. जेवण एवढं सजवलंय म्हणजे बिल मोठं येणार, हा आपला अनुभव. आणि त्या पोरांचे आईबाप कुठं आहेत? सोळा वर्षांची पोरगी घरात एकटी राहते, एकटी डबा करते, एकटी जग वाचवायला निघते, आणि एक आत्या आडवी येत नाही, ‘कुठं निघालीस गं तिन्हीसांजेची?’ कोल्हापुरात जग वाचवायला निघालेली पोरगी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत पोचायच्या आत तिच्या घरी फोन गेलेला असतो.

मेल्यावर दुसऱ्या जगात जन्म घेणाऱ्यांच्या मालिका तर इतक्या झाल्यात की त्या जगात आता घरभाडं वाढलं असेल. इथं कारकून, तिथं राजा. इथं कुणी पाणी विचारत नाही, तिथं पऱ्या वारा घालतात. माझा आक्षेप एकच. तिकडं गेल्यावर या गड्याला मागं राहिलेल्यांची आठवण कशी येत नाही? एखादा तरी भाग असा दाखवा, की राजा सिंहासनावर बसलाय आणि घरचा गॅस बंद केला होता का नाही, या विचारानं त्याचा घास अडलाय. असल्या निर्धास्त माणसावर मी भरवसा ठेवत नाही.

मिठाच्या तांड्याचं तसं नव्हतं. त्या मालिकेत सगळ्यांनाच कशाची तरी काळजी होती. डोंगरापलीकडच्या गावांना मीठ नाही, वाटेत धुक्यात राहणारं काहीतरी आहे जे माणसाची सावली खातं, आणि बर्फ पडून खिंड बंद व्हायच्या आत तांडा पलीकडं न्यायचाय. तांड्याची पुढारीण एक धिप्पाड बाई. तिचं जपानी नाव आमच्या तोंडात बसेना. आमच्या घरातली रीतच आहे, पात्रांचं बारसं आम्ही आमच्या सोयीनं करतो. ही बाई मुकादमीण. डोळे मिटून हसत तांड्यात सामील झालेला तो हसरा पावणा. मुकादमिणीच्या हातात जाड काठी, पोटात सात महिन्यांचं बाळ, आणि नवरा मागच्याच खिंडीत गेलेला. एका हातानं पोट धरून दुसऱ्या हातानं काठी फिरवायची. तिनं पहिल्यांदा काठी फिरवली तेव्हा शुभांगी अशी ओरडली की समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंचं दूध फाटलं. खोटं वाटत असेल तर काकूंना विचारा. त्या आता पुण्याला असतात.

हे तीन वर्षांपूर्वीच्या हंगामातलं. तेव्हा शुभांगीलाही सातवा होता. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं डोहाळजेवण झालं आणि तिची पाठवणी गडहिंग्लजला झाली. जाताना मालिका अर्धी राहिलेली. सगळे भाग येऊन पडले होते, पण आमच्यात कायदा होता, शनिवारी एकच भाग, तोही दोघांनी मिळून. तो कायदा तिनं माहेरीही चालू ठेवला. शनिवारी संध्याकाळी फोन लागायचा. ती तिकडं तिच्या फोनवर भाग उघडायची, मी इकडं टीव्हीवर. “हं, लावा,” ती म्हणायची, आणि आम्ही एकाच दमात चालू करायचो. फोन कानाला.

आई स्वयंपाकघरातून बघायची. “एवढा घोडा झालास, बाप व्हायला लागलास, आन् कार्टून बघतोस व्हय?”

“शुभा पण बघतीय की.”

“तिला डोहाळं लागल्यात. तुला काय लागलंय?”

मला काय लागलं होतं ते मी आईला सांगितलं नाही. शुभांगीचा रक्तदाब वाढत चालला होता. पायांवर सूज होती. गडहिंग्लजच्या डॉक्टरीणबाईंनी मीठ बंद केलं होतं, डाव्या कुशीवर पडून राहायला सांगितलं होतं. तिला आणि बाळाला काही होऊ नये, एवढी एकच गोष्ट त्या हंगामात मला हवी होती, आणि ती सत्तर किलोमीटर लांब होती, निपाणीच्या पलीकडं, अलीकडं सगळा ऊस.

“हितं आळणी आमटी, आन् तिकडं ही बया गोण्या भरभरून मीठ नेतीय,” शुभांगी फोनवर म्हणायची. “एक मूठ हिकडं टाक म्हणावं.”

शुभांगीबरोबर मालिका बघणं म्हणजे कोर्टात उभं राहणं. ती दर मिनिटाला प्रश्न विचारते. हा कोण, हा कशाला आला, ह्याच्या हातात काय हाय, हा मरतोय का. मी तिच्याइतकंच बघितलेलं असतं, तरी उत्तर माझ्याकडं मागते. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला त्याचा ताप व्हायचा. फोनवर मात्र त्या प्रश्नांवरच माझा भरवसा होता. ती विचारतेय म्हणजे ठीक आहे.

आणि एका शनिवारी तिनं काहीच विचारलं नाही.

भाग असा होता की दगडालाही प्रश्न पडावेत. हसरा पावणा तांड्यापासून बाजूला जाऊन धुक्यात कुणाशी तरी बोलतो, परत येतो, मुकादमिणीला गरम पाणी देतो. मी खुर्चीच्या टोकावर. फोनमधून नुसता श्वास. भाग संपला. “बरा हुता,” ती म्हणाली.

बरा? माझ्या डोक्यात मोटर फिरायला लागली. जो विचारत नाही त्याला उत्तर माहीत असतं. मोटरीच्या मालकाला मी विचारतो, पाणी गेलं होतं का आत, आणि तो पटकन न्हाय म्हणतो, तेव्हा मी आधी पाणीच शोधतो.

“तू पुढं बघितलंयस,” मी म्हटलं.

“न्हाय.”

“शपथ घे.”

“कुणाची घेऊ?”

“मुकादमिणीची घे.”

ती म्हणाली, “त्या बाईला कशाला मधी आणताय. दमलोय मी, ठेवतो.” आमच्याकडं बायका स्वतःबद्दल असंच गड्यासारखं बोलतात. आणि फोन ठेवला.

पुढचा आठवडा मी गुप्तहेर झालो. सासूबाईंना, म्हणजे मामींना, सहज म्हणून फोन केला. “शुभा दिवसभर मोबाइल बघती का ओ, मामी?”

“न्हाय ओ पावणं, झोपून असती की.”

“बीपी?”

“काय न्हाय, बरं हाय.”

त्या घरात ‘काय न्हाय’ फार स्वस्त आहे. मामींची म्हैस मेली तेव्हा मामी ‘काय न्हाय’ म्हणाल्या होत्या. सासऱ्यांनी गिरणीच्या पट्ट्यात बोट घातलं तेव्हाही. मी त्या दिवशी भरायला घेतलेल्या मोटरीत तार उलटी गुंडाळली. ती मोटर आजही विहिरीतलं पाणी वर काढायच्या ऐवजी वरचं खाली नेते, असं तिचा मालक सांगतो.

शनिवार आला. फोन लागला. “हं, लावा.” मी लावलं, पण पडद्याकडं बघत नव्हतो. डोळे मिटून फोन ऐकत होतो. मामांची, म्हणजे सासऱ्यांची, पिठाची गिरणी घराला लागूनच आहे. शनिवारी संध्याकाळी बाजार करून आलेल्यांची तिथं रांग असते, आणि त्या गिरणीचा आवाज असा की मामांच्या घरात लोक एकमेकांच्या कानात ओरडून ‘हळू बोल’ म्हणतात. आमच्या फोनमध्ये दर शनिवारी तो आवाज मागं असायचाच, जात्यासारखा घरघरत. त्या दिवशी गिरणी नव्हती. होतं ते चाकं घासल्याचं किरकिरणं, लोखंडी भांड्याचा खणखणाट, आणि लांबून एक अनोळखी बाई कुणाला तरी म्हणत होती, “नातेवाईक बाहेर थांबा.”

भाग तसाच चालू ठेवून मी गाडीची किल्ली उचलली.

त्या प्रवासाबद्दल काय सांगू. कागल सोडलं आणि पुढं ट्रॉली, तिच्या पुढं ट्रॉली, त्या ट्रॉलीच्या पुढं बैलगाडी. उसाच्या वाढ्यांच्या धारदार पात्यांनी माझं तोंड असं झोडपलं की गडहिंग्लजला पोचेपर्यंत दाढी झाली होती. एका बैलगाडीत उसाच्या मोळ्यांवर एक ऊसतोडणीची बाई बसली होती, पोटुशी, डोक्यावर पदर, हातात कासरा. गाडी ओलांडताना तिनं माझ्याकडं बघितलं आणि हातानं खूण केली, सावकाश. मी सावकाश झालो. त्या वेळी मला कुणाचंही ऐकावंसं वाटत होतं.

दवाखाना शोधायला लागला नाही. मामांची एमएटी मोपेड दारातच होती, सीटवर अजून पीठ. आत मामी डबा धुवत होत्या. मला बघून त्यांच्या हातातलं झाकण पडलं.

“अय्यो, पावणं. तुमास्नी कुणी सांगितलं?”

“गिरणीनं,” मी म्हटलं.

शुभांगी खाटेवर डाव्या कुशीला होती. हाताला सुई, तोंड सुजलेलं, कानात इअरफोन. बुधवारपासून ती तिथं होती. मला बघून तिनं फोन उशीखाली सारला, पण मी जन्मभर तेच बघत आलोय, लोक काय लपवतात ते.

“ह्याच्यासाठी सांगितलं न्हाय,” ती म्हणाली. “आलासा की न्हाय धावत? मोटरी कोण भरणार?”

“दे फोन.”

“न्हाय.”

“कुठपर्यंत बघितलंस?”

“समदं. हितं दुसरं काय हाय? पंखा बघू का?”

मी खाटेच्या कडेला बसलो. मला विचारायचं होतं, डॉक्टर काय म्हणाल्या, बाळाचे ठोके बरोबर आहेत का, तुझं डोकं किती दुखतंय. मी विचारलं, “मुकादमीण जगती का?”

शुभांगीनं वाटीतल्या आळणी खिचडीकडं बघितलं.

“जगती की. पोरगी हुती तिला.”

“खरं?”

“मी खोटं बोलतो का कवा?”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी फोन काढून घेतला. डोकं ठणकतंय आणि ही बाई डोळ्यांसमोर वीज लावून बसतीय, असं म्हणून मलाच झापलं. फोन मामींच्या पिशवीत गेला. शुभांगी म्हणाली, “मग तुमीपण बघायचं न्हाय. उरलेलं मी सांगतो.” मी दुकानाला कुलूप घातलं होतंच. त्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून मी उरलेली मालिका ऐकली.

आणि काय सांगायची ती. डोळे मिटून, हळू आवाजात, मधेच थांबून श्वास घेत. बर्फाचं वादळ येतं, तांडा गुहेत शिरतो, मुकादमिणीला कळा लागतात. बायका गोधड्यांचा आडोसा करतात. हसरा पावणा बाहेर जाऊन सरपण आणतो. एक म्हातारी निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकून गुहेभर धुरी करते. पोरगी होते, पहिल्यांदा रडत नाही, मग असं रडते की धुक्यातलं ते सावली खाणारं जनावर घाबरून पळून जातं. दुसऱ्या दिवशी मुकादमिणीला डिंकाचे लाडू देतात.

“जपानात डिंकाचे लाडू?” मी विचारलं.

“ह्यांच्यात खात्यात.”

“आन् हसऱ्यानं घात न्हाय केला?”

“सगळीच घात करत न्हाईत ओ. पुढं ऐका.”

वॉर्डातल्या बाकीच्या बायकाही ऐकायला लागल्या. पलीकडच्या खाटेवरची एक हलकर्णीची बाई रोज सकाळी विचारायची, “तुमच्या त्या मिठवाल्या बाईचं काय झालं पुढं?” जणू ती बाई वरच्या मजल्यावरच दाखल होती.

मग एका सकाळी शुभांगीला समोरचं दोन-दोन दिसायला लागलं. धावपळ झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबायला नको, आत्ताच ऑपरेशन. मामींनी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली, मामा पीठ नसलेले हात झटकत राहिले. मी तिच्या स्ट्रेचरबरोबर चालत होतो. दारापाशी शुभांगीनं माझी बाही धरली.

“शेवटचा भाग सांगायचा राहिलाय. तुमी बघू नका हां. मी आल्यावर सांगतो.”

दार बंद झालं. मी बाकावर बसलो आणि खिशातून फोन काढला. शेवटचा भाग तिथंच होता, अंगठ्याखाली. आता सांगायला लाज वाटते, पण त्या घडीला मला वाटलं, आतमध्ये काय होणार ते त्या भागात लिहिलेलं आहे. दाबलं की कळणार. मुकादमीण पलीकडं पोचली का, पोरगी पोचली का. मी जन्मात कुणाच्या तोंडच्या शब्दावर काही घेतलं नव्हतं. अंगठा काचेवर होता, काच घामानं धुरकट झाली होती. मामी शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “माझ्या आईला, अव्वाला, ‘आल्यावर सांगतो’ म्हणून गेलतो मीपण, शुभीच्या वक्ताला. आलो की परत.” एवढंच. मी फोन मामींच्या हातात दिला. धार न बघता दूध घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा.

पोरगी झाली. गुळाच्या लहान ढेपेएवढीही नाही, आणि आवाज मात्र मामांच्या गिरणीला भारी. काही दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवली. शुभांगीचा रक्तदाब हळूहळू उतरला. उठून बसायला लागल्यावर तिनं मला शेवटचा भाग सांगितला. बर्फ थांबतो, खिंड उघडते, मुकादमीण पोरीला पाठीशी बांधून सगळ्यांच्या पुढं चालतीय. पलीकडच्या गावातली माणसं मिठाचे खडे जिभेवर ठेवून रडतायत. मी ऐकताना रडलो. ‘तुमीपण मीठ खाल्लंय,’ असं म्हणून तिनं मला नाक पुसायला तिच्या साडीचा पदर दिला.

मग तीन वर्षं ते भाग मी उघडले नाहीत. पोरीच्या मागं वेळही नव्हता, आणि मला सांगितलेलं होतं.

यंदा दुसरा हंगाम येतोय म्हणून, जरा आठवण ताजी करावी म्हणून, गेल्या आठवड्यात दुपारी दुकानात मी राहिलेले भाग लावले. समोर एक बोअरची मोटर उघडून पडलेली, तिचा मालक बाकावर बसून घोरतोय, बाहेरून ट्रॉल्या.

गुहा होती. वादळ होतं. ओवा नव्हता, लाडू नव्हते. मुकादमीण त्या गुहेत मेली, बाळासकट, भागाच्या अर्ध्यातच. कुणी रडलंही नाही, बाहेर बर्फ पडत राहिला. हसऱ्या पावण्यानं डोळे उघडले, पहिल्यांदाच, आणि आपला कोट काढून तिच्या अंगावर घातला. त्या माणसाबद्दल मी तेव्हा काय काय बोललो होतो. पुढचे सगळे भाग तिच्याशिवायचे. तांडा निम्मा राहिला, मीठ निम्मं पोचलं. शुभांगीनं फोनवर प्रश्न विचारणं जिथं थांबवलं, त्याच्या पुढच्याच भागात ती बाई गेली होती.

म्हणजे दवाखान्यात, डाव्या कुशीवर, डोकं फुटायला आलेलं असताना, माझ्या बायकोनं जपान्यांची आख्खी मालिका उसकून काढली आणि नव्यानं भरली. मी थापा मारणारा म्हणून पेठेत प्रसिद्ध. माझ्या थापेत चिमणीची अंडी असतात. तिच्या थापेत एक बाई आणि एक पोर होतं, आणि ती थाप ऐकत वॉर्डातल्या बायका औषधं घेत होत्या. हे तिनं मला धीर द्यायला केलं, की स्वतःला? की ऑपरेशनच्या आधी मला ती पोरगी पहिल्यांदा रडत नाही म्हणून सांगताना, तिला दुसरंच काही सांगायचं होतं? माझा संशय सगळीकडं जातो. खाली काय सापडतं ते बघायला मात्र मी तार उसकली नाही. घरी गेल्यावर तिनं विचारलं, आज तोंड असं का, तर म्हटलं, मोटरीत पाणी गेलतं.

काल शनिवार. दुसऱ्या हंगामाचा पहिला भाग आला. पोरगी आजीच्या खोलीत झोपली. शुभांगीनं शेंगदाण्यांची वाटी मधे ठेवली, पाय वर घेऊन बसली. नवीन गाणं लागलं. केस उडाले, घोडी पळाली. मी पडद्याकडं कमी आणि तिच्याकडं जास्त बघत होतो. तिला माहीत होतं का मी बघितलंय? दोन दाणे उचलून तिनं माझ्या हातावर ठेवले, त्यातून काही कळण्यासारखं नव्हतं.

धुक्यातून तांडा बाहेर यायला लागला. पुढं काठी घेऊन एक अनोळखी पोरगा.

“मुकादमीण दिसत न्हाय,” मी म्हटलं.

शुभांगीनं नजर हलवली नाही. “मागं असंल की. तांडा मोठा हाय.”

पोरगा गेला, त्याच्यामागं घोडी, गोण्या, म्हातारी, पुन्हा घोडी. एकेक माणूस धुक्यातून येऊन पुढं सरकत होतं. आम्ही दोघंही दाणे चावायचं थांबवून प्रत्येकाचं तोंड बघत राहिलो, शेवटचं घोडं जाईपर्यंत.